न हलवायचं सामान

माझ्या नवऱ्याच्या मामांना आमच्या हॉलमध्ये सामान म्हणून लाल चिठ्ठी लागली, ती आमच्या सशाच्या डोळ्यांपायी. एवढंच सांगून थांबले की लोक माझ्याकडे काळजीने बघायला लागतात, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सशाला आम्ही साहेब म्हणतो. अंगाने पांढरा, कानांच्या टोकांशी करडा, दिवसभर बसून असणारा, आणि काही मनासारखं झालं नाही की मागचा पाय फरशीवर आपटणारा. नवऱ्याने धंदा सुरू करण्याआधी दोन-तीन नोकऱ्या केल्या. तिथले साहेबही असेच होते म्हणतो, फक्त इतके मऊ नव्हते. साहेबांना आणलं नवऱ्याने, पण वाढवलं मी. गवत मी घालते, पाणी मी बदलते, लेंड्या मी गोळा करते. नवरा संध्याकाळी येऊन त्यांच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो आणि 'आमचा ससा' म्हणून लोकांना फोटो दाखवतो.

आधी उजवा डोळा गेला. एका सकाळी बघते तर डोळ्यावर निळसर साय धरल्यासारखं काहीतरी, आणि डोळा नेहमीपेक्षा भलताच मोठा. नवरा म्हणाला, "धूळ गेली असेल." त्याच्या मते जगातली सगळी दुखणी धुळीने होतात, कारण त्याचा धंदा लोकांची बिऱ्हाडं हलवायचा आणि त्यात धुळीशिवाय दुसरं काही दिसत नाही. मी त्याचं ऐकलं नाही. टोपलीत टॉवेल घातला आणि साहेबांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाई बारीक अंगाच्या, बोलायला भरभर आणि हात मात्र सावकाश. त्यांनी डोळ्याला एक पेनासारखं यंत्र टेकवलं आणि म्हणाल्या, "आतल्या पाण्याचा दाब वाढलाय. माणसाला असं झालं तर तो डोकं धरून ओरडतो. ससा ओरडत नाही, एवढाच फरक."

मग थेंब सुरू झाले. दिवसातून तीनदा. टॉवेल पसरायचा, साहेबांना मधोमध बसवायचं, दोन्ही टोकं घट्ट वर आणून त्यांची गुंडाळी करायची, गुंडाळी डाव्या काखेत धरायची, अंगठ्याने पापणी उचलायची, थेंब टाकायचा, आणि मग खाली सोडल्यावर ते पाठ फिरवून बसले की त्यांची माफी मागायची. नवऱ्याने एकदा करून बघितलं. थेंब त्याच्या मनगटावर पडला, साहेब कपाटाखाली शिरले आणि नवरा म्हणाला, "हे काम तुझंच." थेंबांनी काही महिने ढकलले, पण शेवटी तो डोळा काढावा लागला. पुढे डाव्याचंही तेच झालं. दिसायचं बंद झालं, दुखायचं मात्र थांबेना. साहेब दात करकरवत बसायचे. मला वाटायचं, चांगलं वाटतंय म्हणून करतायत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की एवढ्या जोरात करकरतात ते दुखण्याने.

"दिसत नाही आणि दुखतो, असा डोळा ठेवून त्याने करायचंय काय?" त्या म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. मी तिथल्या बाकावर बसून ढसाढसा रडले. शेजारी एक गृहस्थ पोपट घेऊन बसले होते, त्यांनी मला रुमाल दिला, आणि पोपटाने तो माझ्या हातातून परत ओढून घेतला.

ऑपरेशन नीट झालं. डावीकडे ताजे टाके, उजवीकडे जुन्या टाक्यांवर बारीक लव. आम्ही दोघं न्यायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या. पहिली, ससा दिवसभर उपाशी राहिला तर त्याची आतडी थांबतात आणि मग तो हाताला लागत नाही. त्याने खायलाच हवं. नाही खाल्लं तर बिनसुईच्या सिरिंजने पातळ खिमट भरवायचं, पण ते चार दिवसांचं काम, आयुष्यभराचं नाही. दुसरी गोष्ट त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितली. "घरातली एकही वस्तू जागची हलवू नका. तो मिशांनी, नाकाने घर पाठ करेल. एकदा पाठ झालं की तुमच्याहून नीट चालेल."

ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला सांगायला हवी होती.

नवऱ्याच्या धंद्यात चिठ्ठ्या असतात. न्यायच्या सामानाला पिवळी, मागे ठेवायच्या सामानाला लाल. लाल चिठ्ठीच्या वस्तूला हमालाने बोटसुद्धा लावायचं नाही, हा नियम. नवरा दवाखान्यातून तडक पुढे निघून गेला होता. मी साहेबांना घेऊन घरी पोचले, तर तो आणि त्याचा मुकादम लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन माझ्या घरभर फिरत होते. सोफ्याला लाल. कपाटाला लाल. पायपुसण्याला लाल. टेबलाखाली कुणाचं तरी एक वर्तमानपत्र पडलं होतं, त्याला लाल. मी घाईत दारात सोडलेली बादली तिथेच राहिली, लाल चिठ्ठीसकट, आणि पुढे कित्येक दिवस आम्ही घरात येताना ती ओलांडत होतो. प्रत्येक वस्तूच्या पायांभोवती मुकादमाने खडूने रेघ मारली. तो मोठा शिस्तीचा माणूस. त्याला सांगितलेलं काम तो करतो आणि न सांगितलेला विचार करत नाही.

त्यामुळे मामांनाही लाल चिठ्ठी लागली.

मामा म्हणजे नवऱ्याचे सख्खे मामा. दुकानादुकानातून वजनकाटे तपासत हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर काट्यासारखेच एका जागी बसलेले. मामींचं आणि त्यांचं वाजलं होतं. मामी रागात म्हणाल्या की तुम्ही घरात असलात काय नि नसलात काय, मला सारखंच. मामांना ते फार लागलं. एक पिशवी उचलून ते आमच्याकडे आले, चार दिवसांसाठी म्हणून. हॉलमधल्या मोठ्या खुर्चीत पाय लांब करून झोपले होते, तेव्हा मुकादमाने त्यांच्या गुडघ्यावर चिठ्ठी चिकटवली आणि दोन्ही टाचांभोवती खडू फिरवला.

"अरे, तो माणूस आहे," मी म्हटलं.

"हलत नव्हते, वहिनी," मुकादम म्हणाला.

मामा जागे झाले, त्यांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, आणि मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. तर ते खूश झाले. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांना हलवू नये असं कुणाला कधी वाटलं नव्हतं.

साहेब घर पाठ करायला लागले. झोपायच्या खोक्यातून बाहेर, भिंतीच्या कडेने टेबलापर्यंत, तिथून मामांच्या पायांशी, पाय हुंगायचे, डावीकडे वळायचं, आणि समोर गवत नि पाणी. पहिल्यांदा पडले, धडपडले, मग जमायला लागलं. मला इतकं बरं वाटलं की मी मामांनासुद्धा चांगलं म्हणू लागले.

फक्त मनात. कारण मामांनी मला मेटाकुटीला आणलं होतं. त्यांना चहा लागतो, पण अर्धा कप. "सूनबाई, होईल का अर्धा कप?" अर्धा संपला की थोड्या वेळाने उरलेला अर्धा, तोही ताजा. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आणि हॉलमधून स्वयंपाकघरात माझ्या चकरा चालू. आणि मी चालताना बोलते, ही माझी सवय. गॅसबद्दल, दुधाबद्दल, मामांबद्दल, नवऱ्याबद्दल जे मनात असेल ते चालता चालता बोलून मोकळी होते. घरातलं कुणी ते ऐकत नाही, त्यामुळे भांडणही होत नाही.

असेच एकदा मामा केस कापायला गेले. ते जिन्यावरून उतरले आणि मी वरच्या मजल्यावर गेले. वर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या मशीनच्या आवाजात अंग टाकून पडलं की मला स्वर्ग मिळतो. तासाभराने खाली येऊन बघते तर साहेब भिंतीच्या कोपऱ्यात नाक खुपसून बसलेले. कोथिंबीर तशीच. गवत तसंच. पोटाला कान लावला तर आत काही आवाज नाही. सिरिंज आणली, खिमट कालवलं, टॉवेलची गुंडाळी केली आणि थोडं थोडं भरवत बसले. साहेब तोंडातलं परत माझ्या पदरावर सोडत होते.

तेवढ्यात मामा आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सूनबाई, होईल का अर्धा कप?"

तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांना खाली ठेवलं, स्वयंपाकघरात गेले, आधण ठेवताना मामांच्या सात पिढ्यांना जे सांगायचं ते भिंतीला सांगितलं, चहा आणून त्यांच्या हातात आदळला. आणि बघते तर साहेब कोपऱ्यातून निघाले होते. भिंतीच्या कडेने आले, टेबलाशी आले, मामांचे पाय हुंगले, डावीकडे वळले आणि कोथिंबीर खायला लागले.

नवऱ्याला रात्री जेवताना सांगितलं. त्याने घास हातात धरून विचार केला आणि म्हणाला, "खूण गेली ना! मामा नसले की त्याला वळायचं कुठे ते कळत नाही. सोपं आहे."

पण माझा विश्वास बसेना, म्हणून त्याने प्रयोग केले. मामांना फिरायला पाठवलं आणि स्वतः त्यांचे मोजे घालून त्या खुर्चीत, त्या खडूच्या रेघांत पाय ठेवून, श्वाससुद्धा बेताने घेत बसला. मी वर बाईंकडे. साहेब हलले नाहीत. दुसऱ्यांदा मामांच्या पॅन्टमध्ये उशा भरून खुर्चीत बसवल्या, वर त्यांचा चष्मा ठेवला. साहेब हलले नाहीत. ज्यांना डोळेच नाहीत त्यांना चष्म्याचा काय उपयोग, असं मी विचारलं, तर नवरा म्हणाला, काम करायचं तर पुरं करावं. तिसऱ्यांदा फोनवर मामांचा आवाज भरून घेतला आणि खुर्चीत ठेवला. फोन दर थोड्या वेळाने म्हणत होता, "सूनबाई, होईल का अर्धा कप?" आणि सूनबाई वरच्या मजल्यावर डोळे मिटून पडल्या होत्या. साहेबांनी फोनला पाय आपटून दाखवला, बस्स.

दर वेळी मामा परत येऊन बसले, त्यांनी चहा मागितला, मी चरफडत आणून दिला, की साहेब उठून जेवायचे. आणखी काय पुरावा हवा?

मग मामा डोक्यावर बसले. आंघोळ साहेब दुपारी झोपले की. बाहेर जाणं बंद, आणि ते बंद झाल्याचं दुःख त्यांना मुळीच नव्हतं. पाहुणे आले तर स्वतःहून सांगायचे, "मी उठलो तर ससा मरेल." एकदा म्हणाले, खुर्ची जरा खिडकीकडे सरकवता का, वारा येईल. मुकादम त्या वेळी घरात होता. तो खुर्चीसमोर आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "लाल चिठ्ठी आहे, मामा."

"अरे, पण मीच सांगतोय ना!"

"सामानाला विचारून आपण काही करत नाही."

मामा आले होते चार दिवसांसाठी. खडूच्या रेघा पुसट झाल्या की मुकादम येऊन परत मारून जायचा, असं किती वेळा झालं, मी मोजायचं सोडलं. त्यांना घालवून द्यावं असं मला रोज वाटायचं आणि ते जातील या भीतीने मी रोज त्यांना ताजा चहा द्यायचे. अशी माझी गत.

आणि मग मामी आल्या.

त्या आल्या, बादली ओलांडली, मामांसमोर उभ्या राहिल्या. "चला घरी."

"मला येता येत नाही," मामा म्हणाले.

"का? गुडघे धरले?"

"माझी इथे गरज आहे."

मामींनी आमच्याकडे बघितलं. नवऱ्याने त्यांना सगळं समजावून सांगितलं. मामी शांतपणे ऐकत होत्या, आणि साहेब त्या वेळी मामांचे पाय हुंगून डावीकडे वळले, जणू साक्ष द्यायलाच आले होते.

"मी रागात बोलले," मामी म्हणाल्या. "रागात माणूस बोलतं. म्हणून काय तुम्ही माझा नवरा ठेवून घ्याल? मला एकटीला घर खायला उठतं. रात्री दार वाजल्यासारखं वाटतं. पावाचे चार तुकडे आणते, दोन शिळे होतात." आणि त्या बादलीच्या काठावर बसून रडायला लागल्या. मामा खुर्चीतल्या खुर्चीत विरघळले. त्यांना जायचं होतं, हे सरळ दिसत होतं. पण ते साहेबांकडे बघून बसून राहिले. त्या क्षणी मला ते पहिल्यांदा खरोखर आवडले.

मग आमच्या घरातल्या तज्ज्ञाने तोडगा काढला. नवरा उठला, खिशातली फीत काढून हॉल मोजला, आणि म्हणाला, "मामांना नेता येत नाही ते घर इथे आहे म्हणून. घरच तिकडे नेलं तर?"

म्हणजे असं: आमचा अख्खा हॉल, वर्तमानपत्र नि बादलीसकट, मामींच्या हॉलमध्ये जसाच्या तसा मांडायचा. मामींचं सामान नवऱ्याच्या गोदामात. खोक्यापासून टेबल तितक्याच अंतरावर, टेबलापासून मामा तितक्याच अंतरावर. सशाला कळणारही नाही की तो दोन पूल ओलांडून दुसऱ्या घरात आलाय. "इतकी वर्षं हेच तर करतोय," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

"आणि साहेब तिकडेच राहतील?" मी विचारलं.

"जिथे मामा तिथे तो. तूच बघतेस ना, मामांशिवाय खातो का?"

तो खात नव्हता हे खरं होतं. माझ्यापाशी उपाशी राहण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवलेला बरा. मी हो म्हटलं. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही, सगळे फितीकडे बघत होते.

मुकादमाने एक अडचण काढली. लाल चिठ्ठीचं सामान तो उचलणार नाही. मग सकाळी बसून सगळ्या लाल चिठ्ठ्या सोडवून पिवळ्या लावल्या. मामांनी स्वतःचा गुडघा पुढे केला. मुकादमाने आणि एका हमालाने त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून उतरवलं, टाचांमधलं अंतर बदलू नये म्हणून पाय दोरीने बांधून. वरच्या शिवणकामाच्या बाई कठड्यावरून बघत होत्या. त्यांनी मला खुणेनेच विचारलं, गेले का? मी मान हलवली.

साहेबांची टोपली मी स्वतः नवऱ्याच्या हातात दिली. कानांमागे खाजवलं. टाक्यांच्या जागी आता लव दाट आली होती, बघणाऱ्याला वाटावं की ते डोळे मिटून काहीतरी आठवतायत. टेम्पोत माणसांना जागा नव्हती आणि कुणी मला 'चल' म्हटलंही नाही. मागे झाडायला कुणीतरी हवंच होतं.

टेम्पो गेला. मी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहिले. झाडू काढला. खाली बसून सगळा हॉल झाडला आणि मग लक्षात आलं की बराच वेळ मी एक शब्दही बोललेली नाही. बोलायचं तरी कशाबद्दल? दूध उतू गेलं नव्हतं, चहा कुणी मागत नव्हतं. मी स्वतःसाठी अर्धा कप केला आणि तोही पडून राहिला.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास नवऱ्याचा फोन आला. आवाज बारीक. "तो खात नाही. सगळं बरोबर मांडलंय गं. दोनदा मोजलं. मामा हललेले नाहीत. आल्यापासून कोपऱ्यात बसलाय. पोट कडक लागतंय."

"सकाळपासून उपाशी? आणि मला आत्ता सांगताय?"

पुढचं मी फोन ठेवता ठेवता बोलत होते, चपला घालताना बोलत होते, रिक्षात बसून बोलत होते. रिक्षावाला दोन्ही पूल होईपर्यंत मान डोलावत ऐकत होता. उतरताना म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर आहे," आणि काय बरोबर होतं ते त्यालाही माहीत नव्हतं.

मामींचं दार उघडलं तर आत माझा हॉल. माझा सोफा, माझं कपाट, खुर्चीत मामा, टेबलाखाली तेच वर्तमानपत्र. मला गरगरलं. नवरा नि मामी भिंतीला चिकटून उभे, मामा रेघांत पाय ठेवून ताठ, आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं, सशाला त्रास नको म्हणून. साहेब कोपऱ्यात, नाक भिंतीला.

"अहो, अशी मेल्यासारखी काय उभी राहिलात सगळी!" मी चढ्या आवाजात म्हटलं. "सिरिंज कुठेय? खिमट कुणी कालवलं? हे असं घट्ट? हे त्याच्या घशाखाली उतरेल? पाणी गरम करायला नको? सगळं मीच सांगायचं का?" आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळले. आमचं स्वयंपाकघर हॉलच्या डावीकडे, मामींचं उजवीकडे. म्हणजे मी डावीकडे गेले, कपाटावर आदळले, नवऱ्याच्या मोजमापाला जे म्हणायचं ते म्हटलं, आणि उलट वळून उजवीकडे गेले.

मामी ओरडल्या, "बघा, बघा!"

साहेब कोपऱ्यातून निघाले होते. मामांकडे नाही. ते माझ्या मागे निघाले होते. कान माझ्या दिशेला लावून, टेबलाच्या पायाला धडकत, बादलीवर आपटत, जे पाठ केलं होतं ते सगळं सोडून ते उजवीकडे, ज्या बाजूला ते कधी गेले नव्हते, त्या बाजूला आले. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. ते थांबले. मी म्हटलं, "काय रे?" ते आणखी पुढे आले, माझ्या पावलावर हनुवटी घासली, आणि मामींच्या ओट्याखाली पडलेलं कोबीचं एक पान खायला लागले. कुरकुर कुरकुर. कुणी हललं नाही. पान संपलं तसं मामींनी दुसरं टाकलं.

नवरा खडू हातात घेऊन उभा होता. त्याने खडूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तू..." एवढंच म्हणाला. मामा गेले की मी वर जायचे. मामा आले की मी खाली, चकरा, बडबड. हे सगळं त्याच्या डोक्यात एकेक करून जागेवर बसताना मला दिसत होतं. तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

मला रडूही आलं आणि रागही आला. एवढ्या चिठ्ठ्या, एवढी फीत, मामांना दोरीने बांधून जिन्यावरून नेलं, आणि सशाला हवं होतं ते घरात पाय आपटत हिंडणारं, स्वतःशी बोलणारं माणूस. ते नवऱ्याच्या लक्षात आलं नाही ते नाहीच, माझ्याही आलं नाही. मलाही वाटत राहिलं, मामाच.

मामांनी हळूच पाय रेघांमधून मागे घेतले. गुडघ्यावरची पिवळी चिठ्ठी ते नखाने खरवडत होते. "मग माझा काही उपयोग नव्हता तर," ते म्हणाले.

"मामा, तुम्ही चहा मागितला नसता तर मी बाहेर आले असते का?" मी म्हटलं. "निम्मा ससा तुम्हीच जगवलात."

"निम्मा," मामा म्हणाले, आणि मामींकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "मग हललात तरी चालेल आता. उठा, पाव आणायचाय." मामा उठले. सांधे वाजले. दोघं जिना उतरताना मामींच्या तोंडाचा पट्टा चालू होता आणि मामा 'हो, हो' म्हणत होते.

नवरा म्हणाला, सामान आत्ताच परत भरतो, मुकादमाला बोलावतो. मी म्हटलं, सामान राहू दे. टोपली द्या.

आमच्या रिकाम्या हॉलमध्ये मी टोपली खाली ठेवली आणि झाकण काढलं. साहेब बाहेर आले, मिशा हलवल्या. भिंतीच्या कडेला गेले नाहीत, कारण मी मधोमध उभी होते. "हे बघा, साहेब," मी म्हटलं, "इथे आता काही नाही. सोफा नाही, कपाट नाही. फक्त मी आहे, नि माझं डोकं दुखतंय," आणि चालायला लागले. ते मागे आले. मी वळले, ते वळले. मी दुधाबद्दल बोलले, पुलावरच्या खड्ड्यांबद्दल बोलले, वरच्या बाईंच्या मशीनबद्दल बोलले, आणि त्या मोकळ्या फरशीवर, जिथे आपटायला काहीच नव्हतं, साहेब एकाएकी हवेत उडाले. चारी पाय वर, अंगाला हवेतच पीळ, आणि धप्पकन खाली. डोळे गेल्यापासून त्यांनी असं केलं नव्हतं. मग परत उडाले. मी हसायला लागले आणि बोलणं थांबलं, तसे ते थांबले, म्हणून मी हसता हसता बोलत राहिले.

नवरा दारात आला. त्याने हे बघितलं. जगातल्या सगळ्या वस्तूंची जागा ज्याला सांगता येते तो माणूस चपला हातात घेऊन उंबऱ्याशी थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मी कुठे उभा राहू?"

"कुठेही राहा," मी म्हटलं. "पण बोलत राहा."

"काय बोलू?"

"तुम्हाला काय येतं ते बोला."

तो आत आला, भिंतीपासून थोडा लांब उभा राहिला, घसा खाकरला. "सोफा, एक," तो म्हणाला. "कपाट, एक. टेबल, एक. खुर्ची, मोठी, एक." साहेबांनी एक कान त्याच्याकडे वळवला आणि दुसरा माझ्याकडे ठेवला.